अकरावं कलम

एकतीस या आकड्यापाशी बब्रुवान ओव्हाळ अडला आणि पुढचं वाचायचं राहूनच गेलं. मंगळवारची दुपार, उस्मानाबादच्या तहसील कचेरीसमोरचं नेहमीचं हॉटेल, समोर निवत चाललेला चहा आणि हातात गावाकडून टपालानं आलेली नोटीस. पिंपळदरा सहकारी पाणीपुरवठा संस्था. विशेष सर्वसाधारण सभा. रविवारी दुपारी तीन वाजता, शाळेच्या पटांगणात. सभेपुढं प्रश्न एकच: 'संस्थेचे चालू पोटनियम (एकूण कलमे ३१) रद्द करून ते नव्याने लिहिण्यासाठी समिती नेमावी काय? होय की नाही.' प्रश्नाचं त्याला नवल वाटलं नाही. त्र्याहत्तर साल, पावसानं सलग तोंड फिरवलेलं, विहिरीनं तळ दाखवलेला. अशा वेळी पाण्याचे जुने नियम लोकांच्या डोळ्यांत खुपणारच. पण एकतीस? छे! बत्तीस. दहा वर्षांमागं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली होती आणि दरसाल सभेत उभं राहून खड्या आवाजात वाचली होती. संस्थेची रीतच तशी होती: सभा उघडायची ती पोटनियम वाचून, आणि वाचायचे ते लिहिणाऱ्यानंच. पहिले चेअरमन गुरुलिंग आप्पा म्हणायचे, ज्याला वाचता येत न्हाय त्याला निदान ऐकायला तरी आलं पायजे. तेव्हा नोटीस टाइप करणारा कुणीतरी गाढव असणार, असं म्हणून त्यानं कागदाची घडी घातली, कचेरीत येऊन टेबलाशी बसला. बसला खरा, पण समोरच्या उताऱ्यावर नजर ठरेना. एकतीस, एकतीस, असं डोक्यात चाललेलं.

तो नकलनवीस होता. दुसऱ्यानं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवायचं आणि खाली 'अस्सल बरहुकूम नक्कल' म्हणून सही ठोकायची, हे त्याचं काम. काना कमी नाही, मात्रा जास्त नाही, स्वतःची अक्कल तर मुळीच नाही. या कामात आठ वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दोन ओळी एकाच शब्दांनी सुरू होत असल्या की डोळा फसतो. वरची लिहिताना मान जरा इकडंतिकडं झाली आणि परत कागदाकडं बघितलं, की नजर खालचीवर जाऊन बसलेली असते. मधलं सगळं गिळलं जातं आणि गिळणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण वाक्य कुठंच तुटत नाही. बब्रुवाननं पोटनियम मनात म्हणायला सुरुवात केली. पाठच होते. दहावं मयत सभासदाच्या वारसाचं. अकरावं: 'संस्थेच्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी गावातील सर्वांस, सभासद असोत वा नसोत, जातपात न पाहता, एकाच काठावरून व एकाच दोराने भरता येईल.' बारावं: 'संस्थेच्या विहिरीचे पाणी पिकासाठी फक्त सभासदांस ठरल्या पाळीप्रमाणे मिळेल.' संस्थेच्या विहिरीचे पाणी. संस्थेच्या विहिरीचे पाणी. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं, काय ओव्हाळ, बरं वाटंना का, असं विचारलं, तर ह्यानं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो संस्थेची नोंदणीची प्रत बघायला सहायक निबंधकांच्या कार्यालयात गेला. तिथला कारकून ईरण्णा ओळखीचा होता, कर्नाटकाच्या हद्दीवरचा, बोलण्यात कानडी हेल. "पिंपळदऱ्याचे पोटनियम? तुमचा कल्याणप्पा मागच्या महिन्यातच नक्कल घेऊन गेला की हो," असं म्हणत त्यानं धूळ झटकून फाईल पुढं सरकवली. कल्याणप्पा म्हणजे गुरुलिंग आप्पांचा मुलगा, बी. ए. झालेला, नियम नव्यानं लिहायची टूम त्याचीच. "अक्षर तर बघा, मोत्यासारखं. तुमचंच की!" त्याचंच होतं. एकोणिसाव्या वर्षीचं, जरा उजवीकडं कललेलं. तिसऱ्या पानावर दहावं कलम, आणि त्याखाली त्याच मोत्यासारख्या अक्षरात: '११. संस्थेच्या विहिरीचे पाणी पिकासाठी फक्त सभासदांस...' पुढं सगळं नीट, एकाखाली एक, थेट एकतीसपर्यंत. खाली सह्या, अंगठे, सरकारी शिक्का. कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. कुणी कशाला बघेल? गावात वाचली जायची ती लाल बासनातली मूळ वही, तिच्यात बत्तीस कलमं होती, पण आकडे न घातलेली; आकडे त्यानं नकलेतच क्रमानं टाकले होते. सरकारात गेली ती त्याची नक्कल.

कशी गिळली ती ओळ? ते आठवायला त्याला कष्ट पडले नाहीत, उलट आठवण जणू वाटच बघत होती. त्रेसष्टचा उन्हाळा. आप्पांच्या घरच्या सोप्यावर घोंगडीवर बसून तो मूळ वहीवरून सरकारी प्रत उतरवत होता. मॅट्रिक झालेलं गावात दुसरं कुणी नव्हतं असं नाही, पण आप्पांनी मुद्दाम त्याला बोलावलं होतं. अकरावं कलमही आप्पांनीच घातलेलं. पंचांत कुरकुर झाली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "हीर सरकारच्या पैशावर पडली, अन् पाणी आमच्याच घागरीचं व्हय?" त्या दुपारी बब्रुवान अकरावर आला, 'संस्थेच्या विहिरीचे पाणी' एवढं लिहिलं आणि घसा कोरडा पडला म्हणून त्यानं सवयीनं ओंजळ पुढं केली. तोवरच्या उभ्या आयुष्यात गावात तो ओंजळीनंच पाणी प्यालेला. वरून कुणीतरी ओतणार, हा खाली वाकून पिणार. आप्पांच्या घरच्या नागम्मा आल्या, त्यांनी ओंजळीकडं बघितलं आणि तांब्या त्याच्या हातात दिला. नुसता दिला. आणि आत निघून गेल्या. तो तांब्या किती वेळ हातात धरून होता कोण जाणे. प्याला, तोंड पुसलं, तांब्या कुठं ठेवावा ते सुचेना म्हणून मांडीशीच ठेवला. अंगभर कसला तरी आनंद भरला होता, आणि त्या आनंदात त्यानं पुन्हा टाक उचलला तो थेट 'पिकासाठी' या शब्दावर. त्या क्षणाची आठवण त्यानं दहा वर्षं जपली होती, अडीअडचणीला काढून बघितली होती. आता त्याच आनंदाची त्याला शरम वाटू लागली. ज्या दुपारी आपण माणसात आलो असं वाटलं, त्याच दुपारी आपण आपल्या वस्तीचं पाणी खोडलं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार तो कचेरीत उतारे उतरवत राहिला, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, आणि मन मात्र तिथंच गरगरत राहिलं. गप्प बसलं तर? सभेत नेहमीसारखं बत्तीस कलमं वाचायची, 'नाही'च्या बाजूला उभं राहायचं. ठराव पडला की सगळं होतं तसं चालू राहील. वस्तीतली अठ्ठावीस घरं जशी दहा वर्षं पाणी भरत आली तशी भरतील. कागदावर नाही म्हणून पाणी काय आटणार आहे? पण ठराव पास झाला तर? समिती बसणार, सरकारी प्रत समोर ठेवणार, गावची वही समोर ठेवणार, आणि दोन्हींत बब्रुवानचंच अक्षर. मग कुणी म्हणेल का, की नक्कल करताना ओळ राहिली? अंहं. म्हणतील, बौद्धवाड्यातल्या पोरानं मागाहून वहीत कलम घुसडलं. आप्पा तर गेले. साक्ष कोण देणार, तेव्हा कुरकुरलेले पंच? आणि ठराव पडला तरी नोंदणीची नक्कल कल्याणप्पाच्या घरात होतीच; आज ना उद्या कुणीतरी मोजणारच. ह्या सगळ्यात त्याला सगळ्यात जास्त खटकत होतं ते हे, की खरं सांगून टाकावं असं जे मनात येत होतं ते खरेपणापोटी येत होतं की आळ येईल या भीतीपोटी, ते त्याला सांगता येईना. आणि दुसरं: नव्या नियमांत भूमिहीनांना सभासद करून घ्यायचं, पाणी एकरावर नाही तर माणशी वाटायचं, हे कल्याणप्पाचं म्हणणं त्याला मनापासून पटलेलं होतं. वस्तीत सभासद तो एकटाच, तोही बापाच्या दोन एकर इनामी तुकड्यामुळं. 'होय' झालं तर अठ्ठावीस घरांना मत मिळू शकत होतं. 'होय' झालं तर असलेलं पाणीही जाऊ शकत होतं. एकदा सगळं मोकळं केलं की काय बाहेर येईल ते कुणाच्या हातात राहत नाही.

रविवारी सकाळी येडशीमार्गे बसनं फाट्यावर उतरून तो गावात पोचला तेव्हा त्याची आई पुतळाबाई दुष्काळी कामावरून मिळालेला सुकडीचा कोरडा शिधा ताटलीत पसरून निवडत बसली होती. त्याला बघून तिनं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी गढूळ होतं. "तळाचं हाय," ती म्हणाली. "दोराला दोर जोडून दोन गाठी मारल्यात, तवा कुठं बादली बुडती." त्याला आठवलं, त्रेसष्ट साली नोंदणी होऊन आली तरी ही बाई विहिरीवर जायला तयार नव्हती. ओढ्यातल्या झिऱ्यावर वाटीवाटीनं घागर भरणं तिला बरं वाटत होतं. मग त्यानं तिला पुढ्यात बसवून अकरावं कलम वाचून दाखवलं होतं, तीन वेळा. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, "सरकारच्या कागदावर हाय न्हवं?" तो म्हणाला, हाय. "मग जाते," म्हणाली आणि गेली. पहिले आठ दिवस बाया बाजूला सरायच्या, बोलायच्या नाहीत. नंतर सरायचं थांबलं. तिला आता सांगून टाकावं असं त्याच्या ओठांवर आलं, पण ती सुकडीतला खडा शोधत होती, आणि त्याचा धीर झाला नाही.

शाळेकडं जाताना वाटेत चेअरमन नानासाहेबांनी त्याला गाठलं. सहा वर्षं खुर्चीवर असलेला, खुर्ची सोडायची इच्छा नसलेला, तरी मनानं वाईट नसलेला माणूस. "बब्रुवान, तू 'नाही'त. काय?" खांद्यावर हात टाकून ते म्हणाले. "त्या कल्याणप्पाला काय, शिकलाय, उत्साह हाय. पण पेटी एकदा उघडली की कोण कशाला हात घालंल सांगता येत न्हाय. तुमचं अकरावं कलम कुणाकुणाच्या डोळ्यांत हाय, ठाऊक हाय न्हवं तुला? ह्या दुष्काळात तर लई. म्या हाय तवर कुणी बोट लावणार न्हाय. नुसतं खणखणीत वाच." बब्रुवान म्हणाला, "वाचतो की." नानासाहेबांचा हात खांद्यावर होता तोवर त्याला खरंच वाटलं, वाचावं आणि सुटावं.

पटांगणात ऊन पांढरंफटक. सभासद शहाऐंशी, त्यातले सत्तरएक तरी आलेले. बायका आणि बिनसभासद कुंपणाच्या भिंतीपलीकडं उभे, त्यांत पुतळाबाईही. चिठ्ठ्यांचा घोळ नको म्हणून मत द्यायची पद्धत अशी: 'होय'वाल्यांनी कडुलिंबाखाली जायचं, 'नाही'वाल्यांनी शाळेच्या ओट्यापाशी, आणि मास्तरनं डोकी मोजायची. वाचन सुरू व्हायच्या आधीच लोक मनानं वाटले गेले होते. ओट्याकडं सरकून बसलेले जास्त, लिंबाखाली पोरंटोरं आणि कल्याणप्पा. बब्रुवाननं बासन सोडलं. पहिलं कलम, दुसरं, तिसरं. आवाज ठीक लागला होता. लोक जांभया देत होते. दरसालचं ऐकून ऐकून त्यांनाही पाठ झालेलं. दहावं संपलं. अकरावरती त्यानं बोट ठेवलं, आणि त्याला एकदम कळलं की आपण हे वाचलं तर आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून खोटं वाचणार. तो थांबला. इतका वेळ थांबला की जांभया बंद झाल्या. "पुढं?" नानासाहेब म्हणाले.

"पुढचं कलम सरकारदरबारी न्हाय," बब्रुवान म्हणाला. "ह्या वहीत हाय. आप्पांनी सांगितलेलं, सगळ्यांनी मंजूर केलेलं. पण नोंदणीची प्रत म्या उतरवली, त्यात ते राहिलं. माज्या हातनं राहिलं. मंगळवारपातूर मलाबी ठाऊक न्हवतं." आपण आईकडं बघायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं होतं, आणि तेवढं त्याला जमलं. नानासाहेबांच्या चेहऱ्यावरचं बळ कुणीतरी काढून घ्यावं तसं झालं. "अरं, मग इतकी वर्सं...?" एवढंच ते म्हणाले. ओट्याजवळ पुढंच बसलेले आबाराव, विहिरीलगतच्या पंचवीस एकरांचे धनी, हळूच उठून उभे राहिले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "म्हंजी बब्रुवान, ते कलम कवाच लागू न्हवतं?" "न्हवतं." "नुसतं वाचत हुतो आपण." "व्हय." "बरं झालं सांगितलंस," आबाराव म्हणाले, अगदी मायेनं म्हणाले, आणि धोतराचा सोगा झटकत लिंबाकडं चालू लागले. कुणीतरी म्हणालं, आजच ते कलम घालून टाकू. पण मास्तर म्हणाला, नोटिशीत जेवढं तेवढंच विचारता येतं: सगळं नव्यानं लिहायचं, की आहे तसं ठेवायचं.

आबारावांमागं त्यांचे भाऊ गेले. मग भावकी. मग कालपर्यंत नानासाहेबांच्या पंक्तीला बसणारे चारदोन. ओट्यापासची माणसं उठत होती, अंगावरची धूळ झटकत होती आणि कडुलिंबाखाली जाऊन उभी राहत होती, आणि बब्रुवानला हे दिसत होतं की त्यांतल्या कुणालाही भूमिहीनांचं काही पडलेलं नाही. त्यांना कळलं होतं एवढंच, की नव्यानं लिहायचं ते कोऱ्या कागदावर लिहायचं, आणि पिण्याचं पाणीही सभासदांपुरतं करायला आता जुन्या सरकारी कलमाचा अडसर नाही. मग त्यानं काय करावं? ओट्याकडं जावं? तिकडं जे कायम राहणार होतं त्यात अकरावं कलम नव्हतंच. लिंबाकडं जावं, तर शेजारी आबाराव. कुठंच न जाता मध्ये उभं राहावं असं एकदा त्याला वाटलं, पण दहा वर्षं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या माणसाला आज मत नाही, हे काही खरं नव्हे. तो लिंबाखाली गेला. गर्दीत आबारावांचा खांदा त्याच्या खांद्याला लागला आणि दोघांपैकी कुणीही तो काढून घेतला नाही. होय एकोणसाठ, नाही तेरा. कल्याणप्पाचा चेहरा आधी फुलला, मग त्यानं सभोवार कोण उभं आहे ते बघितलं. "अकरावं कलम आपण नव्यानं लिहू," तो जरा मोठ्यानंच म्हणाला, "माज्या बापाचं हाय ते." आबाराव म्हणाले, "बघू की. समिती बसंल तवा बघू. माजं नाव घाल समितीत." बब्रुवान म्हणाला, "माजंबी घाल." कल्याणप्पानं दोन्ही नावं एकाखाली एक लिहिली.

घरी जाताना पुतळाबाई दोन पावलं पुढंच चालत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. रामलिंगाच्या डोंगराकडं ऊन उतरलं होतं, दुष्काळी कामावरच्या बाया परतत होत्या. वस्तीच्या तोंडाशी आल्यावर पुतळाबाई थांबली. "म्हंजी म्या धा वर्सं तुज्या तोंडाकडं बघून पाणी भरलं," ती म्हणाली. "आये, चुकलं माजं." "चुकलं ते चुकलं. आता सांग, उद्या जायाचं का न्हाय?" "जायचं." "कुणी सांगितलं?" त्याला कलम सुचलं असतं, दाखला सुचला असता, हे सुचेना. "मग उद्या माज्यासंगं हिरीवर चल," ती म्हणाली. "कागद न्हाय तर माणूस तरी लागंल." त्याला सकाळची सहाची बस धरायची होती, साडेदहाला कचेरीत हजेरी, आणि रजा शिल्लक नव्हती. हे सगळं त्यानं मनात म्हटलं आणि तोंडानं म्हणाला, "येतो."

सोमवारी तांबडं फुटताना ते दोघं गेले. दहा वर्षांत तो या विहिरीवर कधी आलाच नव्हता, हे तिथं पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं. वाचलं त्यानं, पाणी आणलं आईनं. काठावर आठदहा बाया होत्या. रात्रीतून सगळ्यांना सगळं कळलेलं होतं, बोलणी मध्येच थांबली त्यावरून ते दिसत होतं. दोर आबारावांच्या घरच्या सरुबाईच्या हातात होता. तिची घागर भरून झाली होती. भरून झाली की दोर पुढच्या बाईच्या हातात द्यायचा, ही तिथली चाल. आणि पुढचा नंबर पुतळाबाईचा होता. पुतळाबाईनं हात पुढं केला. सरुबाईनं दोर दिला नाही, मागंही ओढला नाही. ती पुतळाबाईकडं न बघता बब्रुवानकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, खरोखरीचा प्रश्न होता. "तुमीच म्हणलं न्हवं काल," ती म्हणाली, "तसलं कायबी लिवलेलं न्हाय म्हणून?"

"व्हय," बब्रुवान म्हणाला. "म्याच म्हणलं."

बाया थांबल्या होत्या. फाट्याकडं सहाच्या बसचा हॉर्न वाजला, थोडा वेळ थांबून पुन्हा एकदा वाजला, आणि बस निघून गेल्याचा आवाज दूरपर्यंत ऐकू येत राहिला. तो जागचा हलला नाही. पुतळाबाईचा हात दोराच्या पुढं होता, आणि तिनं तो मागं घेतला नाही.